युरोपातली सिगारेट, युरोपातला पेशंट आणि मधली सीमा

मैत्रेयी_मास्त्रिख्त

मास्त्रिख्त हे नेदरलँड्सचं दक्षिण टोक. इथून बेल्जियम सायकलवर गाठता येतो आणि जर्मनीतलं आखेन तीसेक किलोमीटरवर आहे. मी इथे सार्वजनिक आरोग्यात काम करते. कामात दोन विषय सतत समोर येतात, एक तंबाखू आणि दुसरा सीमेपलीकडचे उपचार. ऑफिसात यांची दोन वेगळी टेबलं आहेत. मला मात्र ही एकाच प्रश्नाची दोन टोकं वाटतात, म्हणून हा धागा.

आधी तंबाखू. नेदरलँड्सने गेल्या काही वर्षांत चांगलीच कंबर कसली आहे. सगळ्या कंपन्यांची पाकिटं एकाच मळकट रंगाची झाली, दुकानात ती उघड मांडायला बंदी आली, एप्रिल २०२४ मध्ये कर पुन्हा वाढला आणि १ जुलै २०२४ पासून सुपरमार्केटमध्ये तंबाखू विकणंच बंद झालं. वीस सिगारेटींचं पाकीट आता अकरा युरोंच्या आसपास पडतं. जर्मनीत तेच आठाच्या आसपास, लक्झेंबर्गमध्ये त्याहून कमी, बल्गेरियात तीन-चार युरोंत. सीमेवर सिगारेटसाठी कुणी अडवत नाही. शनिवारी आखेनला खरेदीला गेलेली माणसं येताना आठवड्याची सिगारेट घेऊन येतात. यात बेकायदा काहीच नाही. स्वतःसाठी घेतलेल्या मालावर कर जिथे खरेदी केली तिथेच लागतो, हा युरोपीय संघाचा नियम. माल विक्रीसाठी आहे की स्वतःसाठी हे ठरवताना ८०० सिगारेटी हा साधारण मापदंड धरतात, म्हणजे चाळीस पाकिटं! फ्रान्सने हा आकडा आपल्यापुरता २०० वर आणला होता, पण तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये ते युरोपीय कायद्याशी विसंगत ठरवलं.

किमती इतक्या वेगळ्या का? कारण संघाने कराची फक्त किमान पातळी ठरवली आहे. २०११ च्या निर्देशानुसार (निर्देश म्हणजे सगळ्या सदस्य देशांना बांधून घेणारा संघाचा कायदा) हजार सिगारेटींवर किमान ९० युरो, म्हणजे पाकिटामागे १ युरो ८० सेंट. त्या वेळी ठीक असेल, आज तो आकडा श्रीमंत देशांच्या दृष्टीने नसल्यातच जमा आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, तो २१५ युरोंवर न्यावा आणि ई-सिगारेट व निकोटीन पाऊच यांनाही कराखाली आणावं असा प्रस्ताव मांडला. पण कराच्या बाबतीत सत्तावीसच्या सत्तावीस देशांनी होकार द्यावा लागतो. एक देश अडून बसला की संपलं. म्हणजे माझ्या शहरातल्या सोळा वर्षांच्या मुलाला सिगारेट किती सहज परवडेल, हे माझं सरकार पूर्णपणे ठरवू शकत नाही. ते शेजारच्या राजधानीत ठरतं.

आता मुद्द्याचं. युरोपीय करारातलं १६८ वं कलम सांगतं की आरोग्यसेवा कशी चालवायची, पैसा कुठे घालायचा, हे प्रत्येक देशाचं काम. आरोग्याच्या नावाखाली देशांचे कायदे एकसारखे करून घेण्याचा अधिकार संघाला जवळपास नाहीच. मग तंबाखूचे कायदे कुठून आले? बाजाराच्या कलमातून. वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे नियम असले तर मालाची ने-आण अडते, म्हणून नियम सारखे करू, अशी मांडणी. याची पहिली मोठी परीक्षा जाहिरातबंदीवर झाली. १९९८ च्या निर्देशाने जवळपास सगळी तंबाखू जाहिरात बंद केली होती. जर्मनी कोर्टात गेला आणि ५ ऑक्टोबर २००० रोजी लक्झेंबर्गमध्ये बसणाऱ्या संघाच्या न्यायालयाने तो निर्देश रद्द केला. मासिकं सीमा ओलांडतात हे मान्य, पण हॉटेलातल्या छत्रीवरची, रक्षापात्रावरची आणि सिनेमागृहातली जाहिरात यांचा देशादेशांतल्या व्यापाराशी काय संबंध, असा न्यायालयाचा आक्षेप. लाखो माणसं दगावतात याचा त्या निकालात निर्णायक भाग नव्हता. २००३ मध्ये नवा, आखूड निर्देश आला. त्यात छापील माध्यमं, रेडिओ, इंटरनेट आणि सीमेपलीकडे पोचणारं प्रायोजकत्व एवढंच. रस्त्यावरच्या फलकांचं ज्याचं त्याने बघायचं. जर्मनीने बघितलं, पण फलकांवरची बंदी तिथे २०२२ पासून लागू व्हायला सुरुवात झाली. संपूर्ण संघात सर्वांत शेवटी.

२०१४ चा तंबाखू उत्पादन निर्देशही याच पायावर उभा आहे. पाकिटाच्या पुढच्या-मागच्या ६५ टक्के भागावर चित्रासह इशारा, दहाची पाकिटं बंद, मे २०२० पासून मेंथॉलच्या चवीच्या सिगारेटी बंद. कंपन्या आणि पोलंड न्यायालयात गेले, पण ४ मे २०१६ रोजी निर्देश टिकला.

आणि पेशंट? तोही याच दारातून आत आला. लक्झेंबर्गमधल्या कोल नावाच्या गृहस्थांना मुलीचे दात सरळ करण्याचे उपचार जर्मनीतल्या ट्रियरमध्ये करायचे होते. डेकर नावाच्या दुसऱ्या गृहस्थांनी बेल्जियममधल्या आर्लोंमध्ये चष्मा घेतला. दोघांनाही विमा संस्थेने पैसे नाकारले. २८ एप्रिल १९९८ रोजी न्यायालयाने सांगितलं की चष्मा हा माल आहे, दंतवैद्याचं काम ही सेवा आहे, आणि माल व सेवा यांना संघात मोकळीक आहे. त्या दोन निकालांतून वाढत वाढत २०११ चा रुग्णहक्क निर्देश तयार झाला. दुसऱ्या देशात उपचार घ्या, आणि आपल्या देशात जेवढा खर्च मान्य झाला असता तेवढा परत मिळवा.

छान आहे की, असं वाटेल. पण आधी खिशातून भरायचे, मग मागायचे. रुग्णालयात मुक्काम असेल तर बहुतेक ठिकाणी पूर्वपरवानगी लागते. दोन देशांतल्या दरांतला फरक आपला आपण सोसायचा. ज्याच्या खात्यात चार-पाच हजार युरो मोकळे पडून आहेत त्याला हा हक्क आहे. सिगारेटचं पाकीट मात्र कुणीही, कसलाही कागद न भरता सीमेपार आणतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. युरोपाने तंबाखूला आणि रुग्णाला एकाच नियमाने, बाजाराच्या नियमाने, मोकळं केलं. बाजारात ज्याच्याकडे पैसा आणि वकील जास्त तो पुढे जातो. सीमेवरच्या माणसाला आजार शेजारून सहज मिळतो, उपचार मात्र झगडून मिळवावे लागतात. हे बदलायचं तर सीमेच्या दोन्ही बाजूंनी मिळून कर आणि दवाखाना यांचा एकत्र विचार व्हायला हवा. इथे युरोपात राहणारी बरीच मंडळी आहेत. तुमच्या भागात काय दिसतं ते लिहा.

प्रसन्न_तुलूझ

मैत्रेयी, तुमचा मुद्दा आमच्याकडे पिरेनीजमध्ये एका खोऱ्यात अख्खा बघायला मिळतो. सेर्दान्या हे उंचावरचं पठार १६५९ च्या तहात फ्रान्स आणि स्पेनमध्ये वाटलं गेलं. फ्रान्सच्या बाजूची गावं मोठ्या रुग्णालयापासून दूर, पेर्पिन्यां शंभरेक किलोमीटरवर आणि रस्ता घाटाचा. हिवाळ्यात बर्फ पडलं की अॅम्ब्युलन्सचे हाल. त्यामुळे लोक आधीपासूनच सीमेला लागून असलेल्या पुइचेर्दा या स्पेनमधल्या गावी जायचे. शेवटी दोन्ही बाजूंनी ठरवलं की एकच रुग्णालय बांधायचं. सप्टेंबर २०१४ मध्ये ते सुरू झालं. खर्च कातालोनिया (स्पेनचा हा भाग) ६० टक्के, फ्रान्स ४० टक्के. बांधकामाला युरोपीय निधीचा मोठा हातभार. दोन देशांनी मिळून बांधलेलं आणि मिळून चालवलेलं असं युरोपातलं हे पहिलंच रुग्णालय. कर्मचारी कातालान, स्पॅनिश, फ्रेंच सगळं बोलतात. फ्रेंच माणूस आपलं नेहमीचं विमाकार्ड घेऊन जातो, खिशात हात घालावा लागत नाही.

कागदपत्रांचे घोळ झालेच. इमारत स्पेनच्या जमिनीवर, त्यामुळे फ्रेंच आईबापांचं मूल जन्मतं परदेशात. कुणी दगावलं तर पार्थिव पाचदहा मिनिटांच्या अंतरावरच्या गावी न्यायचं, पण ते कायद्याने आंतरराष्ट्रीय! डॉक्टरांच्या पदव्यांची मान्यता, गुन्ह्यात जखमी झालेला रुग्ण आला तर पोलीस कुठले, अशा एकेक गोष्टी बसून सोडवाव्या लागल्या. पण सोडवता येतात, हेच मला मोठं वाटतं.

आणि त्याच पठारावरून दुसऱ्या दिशेला घाट चढलात की तासाच्या आत पास दे ला कासा. अँडोराचं हे गाव म्हणजे जवळजवळ नुसती दुकानं. अँडोरा संघात नाही, कर कमी, सिगारेट फ्रान्सच्या निम्म्याहून स्वस्त. तुलूझहून गाड्या भरभरून लोक जातात. तिथून माणशी ३०० सिगारेटींचीच मुभा आहे, म्हणून परतीच्या रस्त्यावर कस्टमवाले डिकी उघडायला लावतात. अँडोरात तंबाखूची शेतीही जुनी. साँत जुलिया दे लोरियाला जुन्या कारखान्यात तंबाखूचं संग्रहालयच आहे. डोंगरातून पाठीवर गठ्ठे वाहून नेणाऱ्यांची तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा. या छोट्या देशाने २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू करारात सहभाग घेतला, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी.

एकाच खोऱ्यातला माणूस धुरासाठी एक घाट चढतो आणि छातीत दुखलं की दुसऱ्या बाजूला उतरतो. मैत्रेयींनी लिहिलंय ते मला तरी तंतोतंत पटलं.

सडेतोड

लेख अभ्यासपूर्ण आहे, पण एक बाजू राहिली. पाकीट अकरा युरोंना गेलं की भरडला जातो कोण? बांधकामावरचा कामगार, रात्रपाळीचा ड्रायव्हर. श्रीमंत माणूस सोडतो किंवा त्याला फरक पडत नाही. गरीब माणूस शेजारच्या देशात जाऊन आणतो आणि तेही जमलं नाही तर चोरटा माल घेतो. कर वाढवून तस्करी वाढते, हे मी उगाच म्हणत नाही. बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये बनावट सिगारेटचे कारखाने पकडल्याच्या बातम्या येतातच ना?

मैत्रेयी_मास्त्रिख्त

सडेतोड, प्रश्न योग्य आहे. कारखाने पकडले जातात हे खरंच आहे. पूर्वी असा माल बाहेरून यायचा, आता थेट संघाच्या आत, मोठ्या बाजारपेठेजवळ बनतो.

पण तस्करीचा इतिहासही बघा. २००० साली युरोपीय आयोगाने न्यूयॉर्कच्या न्यायालयात मोठ्या तंबाखू कंपन्यांवर खटला भरला होता. आरोप असा की तस्करीत कंपन्यांचाच हात आहे. २००४ मध्ये फिलिप मॉरिसने तडजोड केली. चूक मान्य केली नाही, पण बारा वर्षांत १२५ कोटी डॉलर द्यायचं आणि पुरवठ्यावर नजर ठेवायचं कबूल केलं. पुढे बाकीच्या तीन मोठ्या कंपन्यांशीही असे करार झाले. त्यामुळे कर वाढला म्हणजे तस्करी आपोआप वाढते, असं सरळ समीकरण मांडता येत नाही. माल कारखान्यातून निघून कुठे जातो यावर कुणाची नजर आहे, हे जास्त महत्त्वाचं. म्हणूनच २० मे २०१९ पासून संघातल्या प्रत्येक पाकिटावर वेगळा सांकेतिक क्रमांक असतो. कुठल्या यंत्रावर बनलं, कुठल्या देशासाठी बनलं, किरकोळ दुकानापर्यंत कुठल्या वाटेने गेलं, सगळं नोंदलेलं. आंतरराष्ट्रीय पातळीवर तस्करीविरोधी करार २०१२ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोलला स्वीकारला गेला आणि २०१८ मध्ये लागू झाला. भारतही त्यात आहे.

गरिबाबद्दल म्हणाल तर तंबाखूने मरतोही तोच जास्त. बांधकामावरच्या कामगाराला सिगारेट स्वस्त देणं ही त्याची सोय नव्हे. मात्र नुसता कर लावून त्याला वाऱ्यावर सोडणं अन्यायाचं आहे, इथे मी तुमच्याबरोबर आहे. नेदरलँड्समध्ये तंबाखू सोडण्याचा कार्यक्रम मूलभूत विम्यात येतो आणि २०२० पासून त्यावर पेशंटचा स्वतःचा हिस्साही द्यावा लागत नाही. फ्रान्समध्ये निकोटीनच्या चिकटपट्ट्या आणि गोळ्यांचे ६५ टक्के पैसे सरकारी विमा देतो. ऑक्टोबरभर सोडून बघा ही इंग्लंडची २०१२ ची मोहीम नेदरलँड्सने उचलली, फ्रान्सने तीच २०१६ पासून नोव्हेंबरमध्ये सुरू केली. असं एकमेकांचं चांगलं उचलणं मला मनापासून आवडतं. कर, सोडायला मदत आणि मालावर नजर, हे तिन्ही एकत्र लागतं. शेजारच्या देशांनी एकाच वेळी केलं तर कितीतरी जास्त लागू पडतं.

उत्तरध्रुव

फिनलंडमधल्या औलूहून. आमच्याकडे सीमेचा प्रश्न सिगारेटचा नाही, स्नूसचा आहे. स्नूस म्हणजे ओठाखाली ठेवायची ओली तंबाखू. संघात तिच्या विक्रीवर बंदी आहे, पण १९९५ मध्ये स्वीडन आत आला तेव्हा त्याने आपल्यापुरती सूट मागून घेतली. फिनलंडला ती सूट नाही. आता तोर्निओ हे फिनलंडचं गाव आणि हापरांडा हे स्वीडनचं, मध्ये फक्त नदी, आणि गावं जवळजवळ एकच. फिनिश पोरं पलीकडच्या दुकानातून स्नूस घेतात आणि परत येतात. आइस हॉकीच्या संघांत तर ही सवय फार. फिनलंडने २०३० पर्यंत तंबाखू आणि निकोटीनमुक्त व्हायचं कायद्यात लिहून ठेवलं आहे, आणि नदीच्या पलीकडे स्नूसचं दुकान थाटात चालू आहे.

उलट एक चांगली गोष्ट. औषधाच्या चिठ्ठीबाबत फिनलंडने युरोपात पहिलं पाऊल टाकलं. जानेवारी २०१९ पासून फिनलंडच्या डॉक्टरने दिलेली ई-चिठ्ठी एस्टोनियाच्या औषधाच्या दुकानात चालते. कागद नको, ओळखपत्र दाखवलं की औषध मिळतं. दोन देशांच्या यंत्रणा आपसात बोलतात. आता बरेच देश या जाळ्यात आले आहेत आणि मार्च २०२५ मध्ये आरोग्य-माहितीचा स्वतंत्र युरोपीय कायदाही अमलात आला.

एक विचारतो. स्वीडनमध्ये सिगारेट ओढणारे संघात सर्वांत कमी आहेत आणि तिथले लोक त्याचं श्रेय स्नूसला देतात. मग आपल्याकडच्या चघळण्याच्या तंबाखूबद्दल एवढी ओरड का?

डॉ_शुभदा_नागपूर

उत्तरध्रुव, ही तुलना कृपया करू नका. मी रोज तोंडाचे कॅन्सर बघते, म्हणून जरा कळवळून लिहिते आहे.

स्वीडिश स्नूस वाफेवर प्रक्रिया करून थंड जागेत ठेवतात, त्यातली नायट्रोसअमाइन ही घातक द्रव्यं कमी असावीत याची काळजी घेतात. तरी ती निर्धोक नाहीच, निकोटीनची सवय पक्की लागते. आपल्या गुटख्यात, खर्ऱ्यात तंबाखूबरोबर सुपारी आणि चुना असतो. सुपारी एकटीसुद्धा कॅन्सरकारक आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तिला पहिल्या गटात टाकलं आहे. सुपारीने तोंडाचं अस्तर आखडत जातं. विशी-पंचविशीतली पोरं येतात आणि तोंडात दोन बोटंही शिरत नाहीत. खर्रा खाणारा मुलगा आईने केलेली भाकरी चावू शकत नाही, हे आमच्याकडे विदर्भात घरोघरी आहे. स्वीडनचा दाखला देऊन कुणी त्याला धीर देऊ नये एवढंच सांगायचं आहे.

मैत्रेयी, धागा फार आवडला. आपल्याकडे पाकिटावर ८५ टक्के इशारा आहे, युरोपापेक्षा मोठा. पण खर्रा पाकिटात येतच नाही. टपरीवर घोटून पन्नीत बांधून मिळतो. इशारा छापणार कुठे?

ओवी_डब्लिन

मी आयर्लंडमध्ये नर्स आहे. इथलं सीमेचं चित्र वेगळं आहे, कारण पलीकडे आता संघच नाही. तरी काही गोष्टी टिकल्या आणि त्या सांगण्यासारख्या आहेत.

२९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने सगळ्या कामाच्या जागी, म्हणजे पबमध्येही, धूम्रपान बंद केलं. असं करणारा हा जगातला पहिला देश. तेव्हा आरोग्यमंत्री मिहॉल मार्टिन होते. पबवाले म्हणत होते की धंदा बसेल. मुद्दा मात्र पबमध्ये काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसांचा होता, आणि कायदा कामगारांच्या संरक्षणासाठी म्हणूनच मांडला गेला. बेटाचा उत्तर भाग ब्रिटनचा, तिथे ही बंदी ३० एप्रिल २००७ ला आली. मधली तीन वर्षं सीमेच्या अलीकडे पबबाहेर उभं राहून ओढायचं आणि पलीकडे आत बसून.

आता पाकीट इथे १८ युरोंच्या वर गेलं आहे. फेब्रुवारी २०२८ पासून विकत घ्यायचं वय २१ होणार. सीमाभागात चोरट्या सिगारेटींचा धंदा जुना आहे, तो असा एका रात्रीत संपणार नाही.

पण उपचारांचं ऐका. डोनेगल हा आयर्लंडचा वायव्येकडचा जिल्हा. तिथल्या कॅन्सरच्या पेशंटला किरणोपचारासाठी गॉलवे किंवा डब्लिन गाठावं लागायचं, आठवडेच्या आठवडे. अशक्त माणूस, रोजचे काही मिनिटांचे किरण आणि त्यासाठी घरापासून इतकं लांब राहायचं. सीमेपलीकडे डेरी शहर अगदी जवळ. दोन्ही सरकारांनी पैसा घातला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये डेरीच्या आल्टनागेल्विन रुग्णालयात किरणोपचार केंद्र सुरू झालं. डोनेगलचे पेशंट तिथे जातात. हृदयविकाराचा मोठा झटका आला तर डोनेगलची अॅम्ब्युलन्सही तिकडेच वळते. या सहकार्याची मुळं १९९२ च्या करारात आहेत, म्हणजे उत्तर आयर्लंडमधला हिंसाचार थांबवणाऱ्या शांतता कराराच्याही सहा वर्षं आधीची. बॉम्बस्फोट चालू असताना दोन्हीकडचे आरोग्य अधिकारी एकत्र बसत होते, हे मला फार मोठं वाटतं.

ब्रेक्झिटनंतर रुग्णहक्क निर्देश ब्रिटनला लागू राहिला नाही. आयर्लंडने मग उत्तर आयर्लंडमधल्या नियोजित उपचारांसाठी आपली वेगळी योजना काढली, कारण गुडघा, मोतीबिंदू यांच्या रांगा इथे फार लांब आहेत आणि लोक तिकडे जात होते. आणि तंबाखू उत्पादन निर्देश मात्र उत्तर आयर्लंडमध्ये अजून लागू आहे, कारण मालासाठी तो भाग युरोपीय नियमांखाली ठेवला गेला. मैत्रेयींचा मुद्दा इथे अगदी उघडा दिसतो. सिगारेटच्या पाकिटाला युरोपीय कायदा आहे, पेशंटला दोन सरकारांच्या मर्जीवर टिकणारी योजना.

बांदेकर

वाचून गंमत नाही, वाईट वाटलं, कारण हे आमच्या घरचंच आहे. सिंधुदुर्गातल्या बांदा, सावंतवाडी, दोडामार्गच्या माणसाला मोठा दवाखाना म्हणजे गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज. मुंबई कुठे आणि बांबोळी कुठे! २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने परराज्यातल्या पेशंटना फी लावली तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालं. गोव्याचंही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्यांच्या कराच्या पैशावर त्यांचं रुग्णालय चालतं आणि खाटा त्यांनाच पुरत नाहीत. महाराष्ट्राच्या महात्मा फुले योजनेतून खर्च भागवण्याचा मार्ग काढावा लागला. आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, तरी गंभीर केस असली की गाडी बांबोळीकडेच वळते.

ते ६० टक्के कातालोनिया, ४० टक्के फ्रान्स वाचून वाटलं की दोन देशांना जमतं तर एकाच देशातल्या दोन राज्यांना का जमू नये? प्रसन्न, त्या रुग्णालयाचा कारभार कोण बघतं? एका देशाचा अधिकारी की दोन्ही?

प्रसन्न_तुलूझ

बांदेकर, दोन्ही. संघाच्या कायद्यात सीमापार काम करण्यासाठी एक खास प्रकारची संस्था स्थापन करता येते, जिला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व असतं. २०१० मध्ये तशी संस्था आधी केली, मग रुग्णालय बांधलं. नियामक मंडळावर कातालोनियाचे आणि फ्रान्सचे असे दोन्हीकडचे प्रतिनिधी. पैशाचं प्रमाण आधीच ठरलेलं, त्यामुळे दर वर्षी नव्याने भांडण नाही. आधी संस्था, मग इमारत, हा क्रम महत्त्वाचा होता.

आखेनकर_सौरभ

मैत्रेयीताई, मी आखेनला एमएस करतोय, जर्मन सरकारी विमा आहे, पासपोर्ट भारतीय. दोन शंका. एक, मास्त्रिख्तमध्ये काही झालं तर माझं कार्ड चालेल का? मी बरेचदा तिकडे असतो. दोन, मार्चमध्ये आईबाबा येणार आहेत, बाबांना बायपास झालेली आहे आणि ते अजून बिडी सोडत नाहीत. त्यांच्यासाठी काय करू?

मैत्रेयी_मास्त्रिख्त

सौरभ, तुझं कार्ड चालेल. जर्मन विमाकार्डाची मागची बाजू हेच युरोपीय आरोग्य विमा कार्ड असतं. संघात कायदेशीर राहणाऱ्या बिगर-युरोपीय नागरिकांनाही हे हक्क २०१० च्या एका वेगळ्या नियमाने मिळाले आहेत. अपवाद लक्षात ठेव. भारतीय पासपोर्टवर हे कार्ड डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये चालत नाही. तिकडे फिरायला जाताना वेगळा प्रवास विमा घे.

हे कार्ड अचानक उद्भवलेल्या गरजेसाठी आहे. मुद्दाम ठरवून इथे उपचार घ्यायचे असतील तर वेगळं. साध्या बाह्यरुग्ण उपचारांना परवानगी लागत नाही, पण पैसे आधी तू भरायचे आणि जर्मनीच्या दराने, थोडा प्रशासकीय खर्च कापून, परत मिळतात. दाखल व्हायचं असेल तर आपल्या क्रांकनकासेची (सरकारी विमा संस्थेची) लेखी परवानगी आधी घे. आणि इथे फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय तज्ज्ञ डॉक्टर बघत नाहीत, तीही सोय करून ये. अपघात वगैरे झाला तर काळजी करू नकोस. इथल्या तिन्ही देशांच्या अॅम्ब्युलन्स एकमेकांकडे जातात आणि आखेनजवळचं बचाव हेलिकॉप्टर सीमेच्या दोन्ही बाजूंना उडतं.

बाबांचं मात्र नीट बघ. पाहुण्यांच्या व्हिसावर आलेल्यांना यातलं काहीच लागू नाही. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा लागतोच, पण बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनच्या आजाराला संरक्षण नसतं किंवा जिवावर बेतलं तरच, तेही थोड्या रकमेपर्यंत असतं. बायपासचं लपवू नका, दावा नाकारला जाईल. भारतातून पॉलिसी घेताना जुन्या हृदयविकाराचा उल्लेख कुठल्या कलमात आहे ते वाचून घे, जमलं तर ईमेलवर लेखी उत्तर मागव. सोबत औषधांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी, शस्त्रक्रियेचा इंग्रजी अहवाल आणि पूर्ण मुक्कामाची औषधं.

बिडीबद्दल त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी आताच बोलायला सांग. सोडण्याची औषधं आहेत. सायटिसिन तर बल्गेरियात १९६४ पासून वापरात आहे, पश्चिम युरोपाने ती फार उशिरा स्वीकारली. पण बायपास झालेल्या माणसाला कुठलं, किती द्यायचं हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. इथून परस्पर काही पाठवू नकोस. मार्चपर्यंत वेळ आहे, येण्याआधी सुरुवात झाली तर प्रवासात त्रास कमी होईल. पॉलिसीचा मसुदा हातात आला की मला निरोप पाठव, मी वाचून सांगते.